वंशरेषेचे नवे सोवळे

बौद्ध बंधूंनो आणि भगिनींनो,

ज्या दिवशी तुम्ही धम्मदीक्षा घेतली, त्या दिवशी जन्माने उच्च आणि जन्माने नीच ही भाषा तुम्ही उंबरठ्याबाहेर टाकली. परंतु बाहेर टाकलेली वस्तू वेष पालटून पुन्हा घरात शिरत नाही असे नाही. ही भाषा पोथी बगलेत मारून आली असती तर तुम्ही तिला ओळखले असते व दारातूनच परत पाठविले असते. आज ती पोथी घेऊन येत नाही, प्रयोगशाळेचा कागद घेऊन येते. गालाच्या आतली लाळ एका नळीत भरून पाठवा, पैसे भरा, आणि तुमच्या बापाच्या बापाचे, त्याच्याही बापाचे कूळ कोणते ते आम्ही सांगतो, असे ती म्हणते. कोणाला ती व्हायकिंगांचा वारस ठरविते, कोणाला केल्टांचा, कोणाला आर्यांचा. कागदावर नकाशा असतो, रंग असतात, टक्के असतात. ज्या माणसाने जातीचा दाखला फेकून दिला, तोच माणूस हा दाखला मात्र उत्सुकतेने हातात घेतो. म्हणून या नव्या दाखल्याची झडती घेणे अगत्याचे आहे.

ही झडती मी युरोपच्या भूमीवर घेणार आहे. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, पुरुषवंशाची ही तपासणी जितकी युरोपात झाली तितकी क्वचितच दुसरीकडे झाली असेल. तेथे जिवंत माणसे तपासली गेली आणि हजारो वर्षांपूर्वीची हाडेही तपासली गेली. या विद्येतून श्रेष्ठत्व निघत असेल तर ते तेथेच आधी निघाले पाहिजे. दुसरे कारण असे की, 'आर्य वंश' हे भूत एकोणिसाव्या शतकात युरोपनेच पोसले व तेथूनच ते आपल्या देशातील उच्चवर्णीयांच्या अंगात आले. भूत जेथे उभे राहिले तेथेच ते उतरविलेले बरे.

पितृरेषा म्हणजे काय?

प्रथम वस्तुस्थिती समजून घ्या. न समजता केलेला निषेध हाही एक अंधविश्वासच होय. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतील 'वाय' नावाचे गुणसूत्र पुरुषांतच असते व ते बापाकडून मुलाला मिळते. इतर गुणसूत्रांची पिढ्यान्‌पिढ्या सरमिसळ होते, पण वाय गुणसूत्राच्या बहुतेक भागाची होत नाही. मात्र नक्कल उतरताना क्वचित एखादे अक्षर बदलते, आणि तो बदल त्या पुरुषाच्या पुढील सर्व पुरुषसंततीत खुणेसारखा राहतो. अशा खुणांवरून शास्त्रज्ञांनी पुरुषांचे गट पाडले व त्यांना अक्षरांची व आकड्यांची नावे दिली. आर-१-बी, आर-१-ए, आय-१, आय-२, एन, ई, जे, जी ही नावे तशीच आहेत. त्यांना दुसरा काही अर्थ नाही. पाकिटावरचा टपालाचा शिक्का पत्र कोणत्या गावाहून आले ते सांगतो, पत्रात काय लिहिले आहे ते सांगत नाही. ही खूण म्हणजे असा शिक्का आहे.

आता युरोपचा नकाशा पहा. पश्चिमेच्या टोकाला आयर्लंड, वेल्स व बास्क लोकांचा प्रदेश येथे आर-१-बी या गटाचे पुरुष शंभरात ८० किंवा त्याहूनही अधिक आढळतात. पूर्वेकडे सरकावे तसतसे हे प्रमाण घटत जाते व आर-१-ए वाढत जातो. पोलंडमध्ये निम्म्याहून अधिक पुरुष आर-१-ए गटाचे आहेत. उत्तरेला स्वीडनमध्ये आय-१ हा गट शंभरात ३५ ते ४० पुरुषांत सापडतो. फिनलंडमध्ये सुमारे ६० टक्के पुरुष एन गटाचे आहेत, तर लिथुएनिया व लाटव्हिया येथे सुमारे ४० टक्के. दक्षिणेला हर्झेगोव्हिनाच्या डोंगरात आय-२ गटाचे प्रमाण दोनतृतीयांशाच्या घरात जाते. कोसोवोतील अल्बेनियन पुरुषांपैकी सुमारे ४५ टक्के ई गटाच्या एका शाखेचे आहेत. इटली, ग्रीस व क्रीट येथे जे-२ आढळतो. युरोपातील आरंभीच्या शेतकऱ्यांत जो जी गट ठळक होता, तो आज कॉकेशस पर्वतात भरपूर व युरोपच्या मैदानात विरळ आहे. १९९१ साली आल्प्स पर्वतातील बर्फात सापडलेला, ५,००० वर्षांहून जुना 'ओट्झी' नावाचा मृत मनुष्य याच जी गटाचा होता.

हा नकाशा खरा आहे. त्याच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते या नकाशावरून रक्त, राष्ट्र आणि थोरवी यांचा जो बाजार मांडला जातो त्याच्याशी. वंशवादी म्हणतो की अमुक गट म्हणजे अमुक राष्ट्र, अमुक गट म्हणजे अमुक भाषा, आणि अमुक गट म्हणजे गोऱ्यांचे शुद्ध रक्त. त्याची ही तिन्ही विधाने एकेक करून तपासू.

भाषा, राष्ट्र आणि कातडी

बास्क लोकांचेच उदाहरण घ्या. आर-१-बी गटाचे प्रमाण त्यांच्यात युरोपातील सर्वांत मोठ्या प्रमाणांपैकी एक आहे. हा गट पश्चिम युरोपात पसरला तो स्टेपच्या गवताळ प्रदेशातून निघालेल्या लोकांच्या वंशजांबरोबर, आणि याच लोकांच्या हालचालींशी इंडो-युरोपीय भाषांचा प्रसार जोडला जातो. मग बास्कांची भाषा इंडो-युरोपीय असावयास हवी होती. परंतु तिचे त्या कुटुंबाशी काहीही नाते नाही. बापाची रेषा एकीकडे आणि मायबोली दुसरीकडे!

उलट टोकाला लिथुएनिया पहा. तेथील भाषा जिवंत इंडो-युरोपीय भाषांत अत्यंत पुरातन वळणाची गणली जाते. संस्कृतशी असलेल्या तिच्या साम्याचे कौतुक आपल्याकडील पंडित करीत आले आहेत. त्याच देशातील शंभरापैकी सुमारे ४० पुरुषांची पितृरेषा एन गटाची आहे, म्हणजे सैबेरियातील याकूत लोकांत दहांपैकी सुमारे नऊ पुरुषांत आढळणाऱ्या गटाची. आर्यभाषेचे सर्वांत जुने वळण ज्यांच्या जिभेवर, त्यांच्या बापाची रेषा याकूतांच्या घरची! हंगेरीत याच्या नेमके उलट आहे. भाषा फिनलंडच्या भाषाकुटुंबातली, पण फिनलंडचा तो एन गट हंगेरियन पुरुषांत अगदी थोडा. जर पितृरेषेने भाषा ठरत असती, तर हे तिन्ही देश मुके झाले असते.

कातडीचे काय? आर-१-बी गटाची एक शाखा आफ्रिकेत चाड सरोवराच्या आसपास राहणाऱ्या व चाडिक भाषा बोलणाऱ्या लोकांत मोठ्या प्रमाणात आहे. म्हणजे आयरिश शेतकरी आणि उत्तर कॅमेरूनमधील काळा शेतकरी हे दोघे एकाच प्राचीन पुरुषवंशाच्या दोन फांद्या आहेत. इंग्लंडमध्ये तर याहून मौजेची गोष्ट घडली. यॉर्कशायरमधील एक दुर्मिळ आडनाव धारण करणाऱ्या १८ पुरुषांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी ७ जण ए नावाच्या अतिप्राचीन आफ्रिकी गटाचे निघाले. हा शोध २००७ साली प्रसिद्ध झाला. रंगाने ते गोरे, बोलणे इंग्रजी, पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणारे. कोणाही वंशवाद्याने त्यांना रस्त्यात पाहून आपले म्हटले असते व त्यांचा कागद पाहून हाकलले असते. आता सांगा, कोणता निवाडा खरा? दोन्ही खोटे. कारण निवाड्याची कसोटीच खोटी आहे.

राष्ट्राचीही तीच गत. २०२० साली व्हायकिंग काळातील ४४२ माणसांच्या अवशेषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑर्कनी बेटांवर व्हायकिंग रीतीने, तलवारींसह पुरलेल्या दोघा पुरुषांचे रक्त स्कँडिनेव्हियाचे नव्हते, स्थानिक होते. व्हायकिंगपणा हा रक्ताचा गुण नव्हता. तो एक धंदा होता, एक राहणी होती, आणि ती उचलणारा व्हायकिंग होत असे.

ज्ञानाने स्वतःला दुरुस्त केले, अभिमानाने नाही

आता दुसरी गोष्ट पहा. हा नकाशा कसा बनला याविषयी शास्त्रज्ञांचेच म्हणणे पंधरा वर्षांत दोनदा पालटले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे मांडले गेले की, पश्चिम युरोपातील ही पितृरेषा हिमयुगातील शिकाऱ्यांची होय व बर्फ ओसरल्यावर ती आयबेरियाच्या आश्रयस्थानातून उत्तरेकडे पसरली. २०१० साली दुसऱ्या अभ्यासाने सांगितले की ती शिकाऱ्यांची नसून पश्चिम आशियातून आलेल्या शेतकऱ्यांची होय. पुढे प्राचीन हाडांतून जनुकद्रव्य काढण्याची विद्या प्रगत झाली आणि २०१५ साली दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवून दिले की सुमारे ५,००० वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या व कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून पशुपालकांचे मोठे स्थलांतर युरोपात झाले. आर-१-बी व आर-१-ए यांचा मोठा प्रसार त्या स्थलांतरानंतरचा आहे.

शास्त्रज्ञांनी मत बदलले यात त्यांना कमीपणा नाही. पुरावा समोर आला की मत बदलणे हाच ज्ञानाचा धर्म आहे. परंतु अभिमानाचा व्यवहार पहा! २००० साली ज्याला सांगितले गेले की तू हिमयुगातील आदिवासी आहेस, म्हणून ही भूमी तुझी, तो छाती फुगवून चालला. त्याच माणसाला २०१५ नंतर सांगितले गेले की तुझे पूर्वज पूर्वेकडून आलेले स्थलांतरित आहेत. तो खाली बसला काय? मुळीच नाही. तो म्हणाला, मग आम्ही जेते! मूळचा म्हणूनही श्रेष्ठ, परका म्हणूनही श्रेष्ठ. ज्याला कोणताही पुरावा चालतो, त्याला वस्तुतः पुराव्याची गरजच नसते. त्याला हवे असते ते फक्त सोवळे.

एक धागा आणि हजार धागे

तिसरी गोष्ट साध्या हिशेबाची आहे. तुमचे आईबाप दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. असे दहा पिढ्या मागे गेलात तर १,०२४ जागा होतात. त्यांत ५१२ पुरुष व ५१२ स्त्रिया. पितृरेषा या १,०२४ मधून एकाच पुरुषाचे नाव सांगते. उरलेले ५११ पुरुष व सर्वच्या सर्व ५१२ स्त्रिया तिच्या हिशेबात नाहीत. संपूर्ण जनुकद्रव्यात वाय गुणसूत्राचा वाटा शंभरात जेमतेम दोन भागांचा आहे. जो मनुष्य या दोन भागांवरून आपली जात सांगतो, तो आपल्या अठ्ठ्याण्णव भागांशी कृतघ्नपणा करतो.

भगिनींनो, तुम्ही विशेष लक्ष द्या. हे गुणसूत्र तुमच्या शरीरात नाही. या वंशावळीत तुमची आई नाही, आजी नाही, तुम्हीही नाही. स्त्रीला वगळूनच जी वंशावळ लिहिता येते, तिला मनुष्याची वंशावळ म्हणण्याचे कारण काय?

आणि जी एक रेषा सांगितली जाते ती तरी अखंड असते काय? इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली बॉसवर्थच्या रणांगणावर मारला गेला. २०१२ साली लेस्टर शहरात त्याची हाडे सापडली व २०१४ साली त्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. आईकडून येणारी खूण जिवंत नातेवाइकांशी जुळली. पण बापाकडून येणारी खूण जुळली नाही. राजाचा पितृगट जी निघाला. त्याच्या पुरुषवंशाचे म्हणून कागदोपत्री नोंदलेले पाच जिवंत पुरुष तपासले, तर चार आर-१-बी गटाचे व पाचवा आय गटाचा. म्हणजे या राजवंशाच्या कागदावर जेथे बाप म्हणून एकाचे नाव आहे, तेथे एकाहून अधिक ठिकाणी बाप दुसराच होता. ज्या घराण्यांनी वंशावळ सांभाळण्यासाठी लेखनिक ठेवले, त्यांची ही कथा!

भगवान बुद्धांनी हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच विचारला होता. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात, जन्माचा अभिमान सांगणाऱ्यांना विचारले जाते की, तुमची माता आणि तिच्या मागच्या सात पिढ्यांतील माता केवळ ब्राह्मणाशीच संग करीत होत्या हे तुम्हांला ठाऊक आहे काय? आणि पित्याच्या बाजूचे सात पिढ्यांचे ठाऊक आहे काय? त्यांना नकारार्थी उत्तर देणे भाग पडले. लेस्टरच्या हाडांनी दिलेले उत्तर निराळे नाही.

पसरणे म्हणजे थोर होणे नव्हे

यावर वंशवादी म्हणेल की, ते असो, परंतु आमची रेषा एवढी पसरली यातच तिचे सामर्थ्य नाही काय? या प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे.

२०१९ साली आयबेरियाच्या, म्हणजे स्पेन व पोर्तुगालच्या, प्राचीन अवशेषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इ.स.पू. २००० च्या सुमारास तेथील लोकांच्या एकूण पूर्वजांत नवागतांचा वाटा सुमारे ४० टक्के झाला होता. परंतु पितृरेषा मात्र जवळजवळ १०० टक्के नवागतांच्या झाल्या होत्या. याचा अर्थ काय? जुन्या लोकांचे रक्त टिकले, त्यांच्या मुलींतून टिकले. त्यांच्या मुलांच्या रेषा मात्र काही शतकांत बुजल्या. हे तलवारीने झाले, की जमीन व गुरेढोरे एका बाजूला साचल्यामुळे झाले, की दोन्हींमुळे, हे हाडांवरून निश्चित सांगता येत नाही. परंतु काही पुरुषांना मुलगे झाले व टिकले, बाकीच्यांना ती संधी मिळाली नाही, एवढे उघड आहे. हा पराक्रमाचा शिलालेख नव्हे, विषमतेचा पंचनामा आहे. स्पेनमधील जो मनुष्य आज आर-१-बी असल्याचा डौल मिरवितो, त्याच्या अंगात ज्यांच्या रेषा पुसल्या गेल्या त्यांचेही रक्त आहे. तो आपल्याच आईच्या माहेरच्यांच्या पराभवाचा उत्सव करीत आहे.

शुद्धतेचा तर प्रश्नच उरत नाही. २०१३ साली २,२५७ युरोपीयांच्या जनुकद्रव्याची तुलना झाली. युरोपच्या दोन टोकांना राहणाऱ्या माणसांचेही गेल्या हजार वर्षांतील अनेक पूर्वज समान असतात, असे त्यातून निघाले. ज्यांना आपण भिन्न वंश म्हणून वेगळे करतो ते एकमेकांचे भाऊबंद आहेत.

या अभिमानाची किंमत कोणी मोजली?

हे सारे पांडित्याचे वाद आहेत असे समजू नका. यापायी माणसे मेली आहेत. जर्मनीत रुडोल्फ फिर्खो या वैद्याने सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांचे केस, डोळे व कातडी यांची नोंद करविली व १८८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोनेरी केसांचा व निळ्या डोळ्यांचा 'खरा जर्मन' हा नमुना जर्मन मुलांत एकतृतीयांशाहूनही कमी निघाला, आणि ज्यू मुलांतही काही जण तसेच निघाले. माक्स म्युलर याने १८८८ साली स्पष्ट बजावले की आर्य हा शब्द भाषेचा आहे, रक्ताचा नव्हे. ही दोन्ही उत्तरे समोर असूनही १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्यूरेंबर्गचे कायदे झाले. आणि त्यांतला विनोद पहा. रक्ताच्या शपथा घेणाऱ्या त्या राजवटीला ज्यू कोण हे रक्तात सापडेना! शेवटी आजा-आजी कोणत्या धर्मसंस्थेत नोंदले होते, हे दप्तर उघडून पाहावे लागले. तीन किंवा चार आजे-आज्या ज्यू समाजात नोंदलेले असले की मनुष्य ज्यू ठरे. रक्त हे निमित्त होते, दप्तर हे शस्त्र होते. त्या दप्तरांच्या आधारे लक्षावधी माणसे मृत्यूच्या छावण्यांत गेली.

हे जुने झाले म्हणाल, तर बोस्निया पहा. १९९२ ते १९९५ या काळात तेथे बोस्नियाक, क्रोएट व सर्ब यांच्यात युद्ध झाले व सुमारे एक लाख माणसे मेली. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष व मुलगे ठार मारले गेले. दहा वर्षांनी, २००५ साली, या तिन्ही समाजांतील पुरुषांची पितृरेषा तपासली गेली. प्रमाणे कमीअधिक होती, पण तिन्ही समाजांत सर्वांत मोठा गट एकच निघाला, आय. मारणारे आणि मरणारे यांच्या बापाच्या रेषा एकाच झाडाच्या होत्या.

म्हणून हे शास्त्रच टाकून द्यावे काय? नाही. स्रेब्रेनित्साच्या सामुदायिक खड्ड्यांतून निघालेली हाडे आणि जिवंत आयाबहिणींनी दिलेले रक्त यांची जनुके जुळवूनच हजारो मृतांची ओळख पटली व त्यांना नावानिशी पुरता आले. विद्या तीच. एक तिच्यातून उच्चनीचतेचा दाखला मागतो, दुसरा तिच्यातून आईला तिच्या मुलाची हाडे परत देतो. विद्येचा उपयोग कोणत्या हेतूने होतो हे पाहा, म्हणजे तिच्याशी कसे वागावे ते तुम्हांला कळेल.

आपल्या दारातला प्रश्न

आता आपल्याकडे वळू. पोलंडमध्ये ज्या आर-१-ए गटाचे प्राबल्य आहे, त्याची दुसरी शाखा भारतात आहे. या दोन शाखा सुमारे ५,००० ते ६,००० वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. भारतीय शाखा ब्राह्मणांत अधिक प्रमाणात आढळते, ही गोष्ट खरी आहे व ती लपविण्याचे कारण नाही. परंतु आंध्रातील चेंचू या आदिवासी जमातीतही शंभरात सुमारे २६ पुरुष आर-१-ए गटाचे निघाले, हे २००३ साली प्रसिद्ध झाले आहे. जंगलात कंदमुळे गोळा करून पोट भरणारा चेंचू आणि काशीचा वैदिक यांच्या बापाच्या खुणा जुळतात, तर मग वैदिकाने चेंचूच्या पंक्तीस बसावे. तो बसत नाही. यावरूनच सिद्ध होते की त्याचे सोवळे रक्तावर उभे नाही.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने असे दाखविले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील जवळजवळ सर्व समाजांत मोठी सरमिसळ झाली व त्यानंतर ती थांबली. म्हणजे माणसे आधी मिसळली आणि भिंत नंतर बांधली गेली. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असे दाखविले होते. १९३६ साली त्यांनी जाती म्हणजे वंश हे मत खोडून काढले. १९४८ साली अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी डोक्याची व नाकाची मापे घेणाऱ्यांचेच आकडे घेऊन, अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही हे सिद्ध केले. तेव्हा माप नाकाचे होते, आज गुणसूत्राचे आहे. उत्तर बदललेले नाही.

एक कटू गोष्ट आपल्या घरातील लोकांनाही सांगितली पाहिजे. आपल्यातही काही जण म्हणू लागले आहेत की, आर-१-ए ज्यांच्यात आहे ते सारे परके आणि आम्हीच शुद्ध रक्ताचे मूळ रहिवासी. आपला इतिहास शोधा, आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगा, त्यात गैर काही नाही. पण शत्रूचीच तलवार उलटी धरून तुम्ही लढू लागलात, तर पाते तुमच्याच हातात रुतेल. रक्तावरून ब्राह्मणाला परका ठरविण्याचा अधिकार तुम्ही घेतलात, तर रक्तावरून तुम्हांला हीन ठरविण्याचा अधिकार तुम्ही त्याला दिलात. आमचा ब्राह्मण्याशी झगडा आहे तो त्याच्या बापाच्या गुणसूत्रासाठी नव्हे. तो आहे त्याने बांधलेल्या भिंतीसाठी, बुजविलेल्या पाणवठ्यासाठी, नाकारलेल्या माणुसकीसाठी.

म्हणून, बंधूंनो आणि भगिनींनो, तुमचा मुलगा किंवा तुमची मुलगी शाळेतून असा रंगीत नकाशा घेऊन आली, तर तो फाडू नका. तिला जवळ बसवा. आयर्लंडचा माणूस आणि चाडच्या सरोवराकाठचा माणूस कसे भाऊ आहेत ते तिला त्या नकाशावर दाखवा. लिथुएनियापासून याकूतांच्या बर्फापर्यंत बोट फिरवा. ओट्झीची गोष्ट सांगा, रिचर्डची सांगा, स्रेब्रेनित्साच्या आयांची सांगा. आणि तिने विचारले की आपला गट कोणता, तर तिला सांगा की शिक्का पाकिटावर असतो, पत्र आपल्याला लिहावयाचे असते. दीक्षेच्या दिवशी आपण ते नव्याने लिहावयास घेतले आहे. त्यातील अक्षर आपल्या शीलाचे, आपल्या विद्येचे आणि आपल्या श्रमाचे असेल. ते वाचून जग आपली ओळख ठरवील. बापाची रेषा पाहून ओळख ठरविणाऱ्यांना आपल्या घरात जागा नाही, मग ते पोथी घेऊन येवोत की नळी घेऊन येवोत.